कोयनेची वीज, सोसायटीचा हौद आणि गॅसची शेगडी : वाचकांचे प्रश्न

शहरातून हवेत जाणारे हरितगृह वायू कमी करायचे तर घरानं, सोसायटीनं, कारखान्यानं नेमकं काय करायचं, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं कोल्हापूरची आहेत. उत्तरांत काही आकडे पुन्हा पुन्हा येतील, ते आधीच टिपून ठेवा. ग्रिडची 1 युनिट वीज म्हणजे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. 1 लिटर पेट्रोलचा 2.3 किलो, डिझेलचा 2.7 किलो, आणि 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरचा सुमारे 42 किलो.

प्रश्न : आपल्याकडे कोयनेची वीज आहे. ती पाण्यावर तयार होते, मग दिवे-पंखे बंद करून हवेला काय फरक पडणार? (मंगळवार पेठ)

कोयनेपासून तुमच्या मीटरपर्यंत वेगळी तार आलेली नाही. सगळी वीजकेंद्रं एकाच ग्रिडमध्ये वीज ओततात आणि त्यात कोळशाचा वाटा सगळ्यात मोठा आहे. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॉट असली, तरी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. त्यामुळे तिथली जनित्रं मुख्यतः मागणी चढते त्या वेळांसाठी राखून ठेवतात. तुम्ही एक युनिट वाचवलं तर कोयनेचं तेवढं पाणी शिल्लक राहील, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी वापरलं जाईलच, कोटा ठरलेला आहे. म्हणजे शेवटी कमी जळतो तो कोळसा.

प्रश्न : पर्यावरणासाठी गॅसऐवजी इंडक्शन आणि पेट्रोलच्या स्कूटरऐवजी इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलंय. दोन्ही बरोबर ना? (राजारामपुरी)

स्कूटर बरोबर. इंडक्शनचा हिशेब मात्र उलटा येतो.

एका सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिट उष्णता असते. शेगडीवर त्यातली 60 टक्के भांड्याला लागते असं धरलं, तर कामाची उष्णता 108 युनिट. इंडक्शन 85 टक्के कार्यक्षम धरली तर तेवढ्याच स्वयंपाकाला 127 युनिट वीज लागेल. त्याचा कार्बन 89 किलो, आणि सिलिंडरचा 42. म्हणजे आजच्या ग्रिडवर इंडक्शन दुपटीनं महाग पडते, पैशात नव्हे, हवेच्या हिशेबात. कारण साधं आहे. कोळशातल्या उष्णतेची जवळजवळ दोन तृतीयांश वीजकेंद्रातच वाया जाते, उरलेल्याची वीज होते आणि तिची आपण पुन्हा उष्णता करतो. स्वयंपाकघरात ज्योत नको, धूर नको म्हणून इंडक्शन घ्यायची असेल तर जरूर घ्या, ग्रिड स्वच्छ होत जाईल तसा हा हिशेबही बदलेल. तूर्तास डाळी भिजवून कुकरला लावल्या, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि बर्नरची भोकं साफ ठेवली, तर त्याचा फायदा जास्त आहे. ज्योत पिवळी दिसली तर जेट किंवा बर्नर चोंदलाय असं समजा.

स्कूटरचं गणित वेगळं, कारण पेट्रोल इंजिन इंधनाचा जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोचवतं. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर किलोमीटरमागे 51 ग्रॅम सोडते. इलेक्ट्रिकला 100 किलोमीटरला चार्जिंगच्या तुटीसह साधारण 3.5 युनिट लागतात, म्हणजे किलोमीटरला 25 ग्रॅम. कोळशाची वीज भरूनही निम्मं.

जाता जाता बसचं. लिटरला साडेतीन किलोमीटर देणारी डिझेल बस किलोमीटरला 770 ग्रॅम सोडते. आत 40 माणसं असली तर माणशी 19 ग्रॅम, आठच असली तर 96, म्हणजे स्कूटरपेक्षा वाईट. केएमटीचा, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेचा, कार्बनचा फायदा बसच्या इंधनाआधी बसमधल्या गर्दीवर ठरतो. गर्दी यायची तर बस वेळेवर यायला हवी.

प्रश्न : आमची 24 फ्लॅटची सोसायटी. ओल्या कचऱ्याचं खत करायला दोन प्लॅस्टिकचे ड्रम आणले. पंधरा दिवसांत वास, अळ्या, भांडणं. बंद केलं. काय चुकलं? (ताराबाई पार्क)

ड्रम लहान पडले, हवा कमी पडली आणि सुका माल (वाळका पाला, भुसा) बहुधा घातलाच नाही. आपल्या घरचा ओला कचरा म्हणजे रश्शाचा तळ, ताकाचं पाणी, कलिंगडाची सालं. निम्म्याहून जास्त पाणीच. झाकणबंद ड्रममध्ये ते खाली बसतं, हवा संपते आणि कुजणं हवेविना सुरू होतं. वास येतो तो त्याचाच, आणि त्याच वाटेनं मिथेन तयार होतो.

24 घरांचा ओला कचरा रोज साधारण 20 किलो, म्हणजे 40 लिटर. त्यावर तेवढाच, 40 लिटर सुका माल. मोजायचं बादलीनं, वजनानं नाही : एक बादली ओलं, एक बादली सुकं. हे बसून निम्म्याहून कमी होतं. 3 बाय 3 बाय 3 फुटांचा एक हौद (765 लिटर) भरायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. असे चार हौद बांधा. चौथा भरेपर्यंत पहिल्याला दोन महिन्यांवर विश्रांती मिळते आणि तो उपसायला तयार होतो.

भिंती नाडेप पद्धतीच्या खताच्या टाकीसारख्या, विटांत फटी ठेवून जाळीदार. तळाला उतार आणि पाणी जायला पाइप, वर पत्रा. पत्र्याशिवाय कोल्हापूरच्या पावसात हे चालणार नाही. तळाशी सहा इंच नारळाच्या शेंड्या आणि काटक्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर जुनं खत पाच-सहा किलो, विरजण म्हणून. नंतर रोज ओलं, त्यावर सुकं. शेवटचा थर नेहमी सुकाच, म्हणजे माशा बसत नाहीत.

ओल तपासायची ती मुठीनं. मूठभर माल घट्ट दाबला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त ओलं, मूठ उघडताच भुगा झाला तर कोरडं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढीग 55 अंशांवर तापायला हवा. थर्मामीटर नसेल तर लोखंडी गज पाच मिनिटं खुपसून ठेवा, आतलं टोक हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. आठवड्यातून एकदा खालीवर करा.

बिघाड वासावरून ओळखता येतो. सडक्या अंड्यांसारखा वास म्हणजे हवा नाही, उलथून सुकं घाला. नाकात झोंबणारा, अमोनियाचा वास म्हणजे ओलं फार, इथेही सुकंच. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा पडलाय, पाणी शिंपडा. पांढरी बुरशी आली तर चांगलंच. अळ्या दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा त्या कचराच खात असतात. वर चार बोटं सुका थर दिला की दिसेनाशा होतात.

खरी अडचण सुक्या मालाची, आणि ती येते पावसाळ्यात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पानगळ होते तेव्हाच पाला गोण्यांत भरून ठेवा. चार महिन्यांना रोज 40 लिटर म्हणजे जवळपास 65 गोण्या लागतात, तेवढी जागा आधी ठरवा. गुऱ्हाळाकडे बगॅस मागू नका, ती त्यांच्या चुलाणाला लागते. रसवंतीवाल्याला मात्र चिपाडं टाकायची अडचणच असते. ती वाळवून, बोटभर तुकडे करून घ्या, अख्खी टाकली तर वर्षभर कुजत नाहीत. लाकडाचा भुसा चालतो, प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो.

फायदा किती? खोल ढिगात 1 टन ओला कचरा हवेविना कुजला तर त्यातल्या मिथेनचा परिणाम साधारण 1 टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो. तुमचा कचरा वर्षाला सात टनांच्या वर आहे. तो कसबा बावड्याच्या ढिगावर न जाता हौदात जिरला तर 5 ते 7 टनांचा फरक. गच्चीवर 10 किलोवॉटचं सोलर बसवलं तर वर्षाला 10 टन वाचतात. म्हणजे विटांचे चार हौद अर्ध्याहून जास्त सोलरचं काम करतात, आणि पहिल्या सभेत कोणी त्यांचं नाव काढत नाही!

प्रश्न : वाढदिवसाला झाड लावलं की वर्षभराचं भागतं का? (कदमवाडी)

नाही. मोठं झालेलं झाड वर्षाला ढोबळमानानं 20 किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. महिना 150 युनिट वापरणाऱ्या घराच्या विजेचाच वर्षाचा आकडा 1,260 किलो, म्हणजे साठ-एक झाडं, तीही वाढलेली. झाड सावलीसाठी लावा, पंखा कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा घ्या : 75 वॉटऐवजी 30.

प्रश्न : नागाळा पार्कात बंगला आहे. 2019 आणि 2021, दोन्ही पुरांत तळमजल्यात पाणी होतं. महिना 300 युनिट लागतात. सोलर किती घ्यावं आणि पुराचं काय? (नागाळा पार्क)

कोल्हापुरात 1 किलोवॉटला वर्षाला 1,400 युनिटच्या आसपास मिळतात, महिन्याला सरासरी 117. तुम्हाला 3 किलोवॉट पुरेसं आहे : 550 वॉटची सहा पॅनेल, 300 चौरस फूट गच्ची. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, त्यासाठी पॅनेल देशी सेलचीच लागतात. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

पॅनेलची तोंडं दक्षिणेला, कल 15 ते 17 अंश. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली पॅनेलच्या उत्तरेला राहील अशी जागा निवडा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची टाकीची सावली एकमेकांना जोडलेल्या पॅनेलच्या अख्ख्या माळेची वीज खाली ओढते. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकण्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात छत गळतं आणि दोष पॅनेलना जातो.

आता पूर. केबल वाचावी म्हणून सोलर बसवणारे लोक इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) मीटरशेजारी, पोर्चमध्ये लावायला बघतात. तुमच्या घरी ते करू देऊ नका. भिंतीवर 2021 च्या पाण्याची खूण असेल, तिच्यावर किमान तीन फूट, खरं तर जिन्याच्या खोलीच्या सावलीतल्या भिंतीवरच इन्व्हर्टर आणि डीसी-एसी दोन्ही बॉक्स हवेत. मीटर खालीच राहणार असेल तर वर जाणाऱ्या केबलला मध्ये जोड नको.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. तुमच्या गल्लीत पाणी केव्हा येतं ते तुम्हाला माहीतच आहे, ते यायच्या आत प्रथम घराकडचा एसी ब्रेकर पाडा, मग पॅनेलकडचा डीसी आयसोलेटर. क्रम उलटा नको, आणि चालू असताना पॅनेलचे कनेक्टर हातानं ओढायचे नाहीत, ठिणगी पडते. बंद केलं तरी उन्हात पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची वायर जिवंत असते. पाणी ओसरल्यावर लगेच चालू करू नका. वायरमनकडून मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्या, अर्थिंगचा रोध 5 ओहमच्या आत आहे ना तेही बघा.

दोन गैरसमज. वीज गेली की साधं ग्रिडवरचं सोलरही बंद होतं, खांबावर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून. पुरात चार दिवस वीज नसेल तर हे सोलर उपयोगी नाही, त्याला बॅटरीवालं हायब्रिड लागेल. आणि जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्यावर येते, तो बिघाड नव्हे. बिघाड वाटावा अशी घट येते गळीत हंगामात, धुराड्यांची काजळी काचेवर बसते तेव्हा. दर दहा-बारा दिवसांनी, सकाळी काच थंड असताना साध्या पाण्यानं आणि मऊ कापडानं पुसा.

प्रश्न : दर उन्हाळ्यात एसीचा गॅस संपतो आणि मेकॅनिक भरून देतो. त्याचा हवामानाशी संबंध आहे का? (रुईकर कॉलनी)

आहे, आणि विजेपेक्षा मोठा असू शकतो. एसीचा गॅस वापरून संपत नाही, गळला तरच कमी होतो. जुन्या आर-22 चा एक किलो हवेत गेला तर 1,810 किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, म्हणजे जवळपास 790 लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. आर-410ए चा आकडा 2,088, आर-32 चा 675. गॅस भरण्याआधी नायट्रोजन भरून साबणाच्या फेसानं गळती शोधायला लावा. बहुतेकदा ती बाहेरच्या युनिटच्या फ्लेअर नटवर सापडते. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवून मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. काटा नसलेला मेकॅनिक परत पाठवा.

प्रश्न : शिरोलीत छोटी फौंड्री आहे. नवीन भट्टीला पैसे नाहीत. कुठून सुरुवात करू? (शिरोली पुलाची)

कंप्रेसरपासून. साप्ताहिक सुट्टीला किंवा जेवणाच्या वेळेत हवेवरची सगळी यंत्रं बंद करा, व्हॉल्व्ह उघडे ठेवा आणि कंप्रेसर चालू. आता घड्याळ लावून तो किती वेळ लोड घेतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड (नुसता फिरत) राहतो ते दहा फेऱ्या मोजा. हवा कोणीच वापरत नसताना तो लोड घेतोय म्हणजे गळती भरून काढतोय. लोड दीड मिनिट आणि अनलोड साडेतीन मिनिटं आली तर गळती 30 टक्के. 37 किलोवॉटचा कंप्रेसर दिवसाला 16 तास, वर्षाला 300 दिवस चालत असेल तर ही गळती 50,000 युनिटच्या पुढे जाते, कार्बन 37 टन. दहा टक्क्यांच्या आत आणा. 7 बारच्या लाइनवर 3 मिलिमीटरचं एक भोक 3 किलोवॉट खातं. होज क्लॅम्प, क्विक कपलर, ग्राइंडरचे नळ, याच क्रमानं शोधा. मग दाब एका बारनं उतरवून बघा, यंत्रं चालली तर 6 ते 10 टक्के वीज सुटली.

विजेच्या इंडक्शन भट्टीला धातूच्या टनामागे 550 ते 650 युनिट लागायला हवेत. तुमचा आकडा 700 च्या वर असेल तर तीन ठिकाणी बघा. वितळताना झाकण उघडं असतं का? रनर-रायझर (साच्याच्या वाटांत उरलेला धातू) वाळूसकट परत भट्टीत जातात का? ती वाळू तापवायला वीज जाते, स्लॅग (मळी) वाढतो आणि भट्टीचं आतलं लायनिंग खातो, म्हणून आधी शॉट ब्लास्ट करून (छर्‍यांचा मारा करून) वाळू झाडा. आणि धातू तयार असून मोल्डची वाट बघत भट्टी किती मिनिटं धरून ठेवावी लागते? आठवडाभर प्रत्येक हीटमागे (वितळणीमागे) तेवढीच मिनिटं वहीत लिहा. भट्टीवाला आणि मोल्डिंगवाला यांची वही एकच ठेवा, नाहीतर दोघांचे आकडे कधीच जुळायचे नाहीत.