मुलाला जाहिरातीची वाट बघत घरी बसवू नका

प्रश्न : मुलाने गेल्या वर्षी आयटीआय इलेक्ट्रिशियन 74 टक्क्यांनी पूर्ण केलं. वय 20. चाकणच्या एका कंपनीत अप्रेंटिसशिप मिळत होती, पण स्टायपेंड फारच कमी, म्हणून मी नको म्हटलं. आता घरीच महावितरणच्या परीक्षेचा अभ्यास करतो. हल्ली फारसा बोलत नाही. कुठला क्लास लावू? महाराष्ट्रात इलेक्ट्रिशियनला पगार किती मिळतो? सरकारी नाहीच जमलं तर घरगुती फिटिंगची कामं घेईल, सर्टिफिकेट आहेच. (एक पालक)

उत्तर : टक्के, वय, स्टायपेंड, सगळं तुम्ही नीट कळवलंत. ‘हल्ली फारसा बोलत नाही’ हे मात्र क्लासच्या चौकशीआधी उरकून टाकलंत. मला काळजी त्याचीच वाटते. हाताशी आलेलं काम त्याने नाकारलं नाही, तुम्ही नाकारलंत. बरोबरची मुलं सकाळी शिफ्टला जातात आणि हा पुस्तक उघडून बसतो. त्याला स्वतःला काय हवंय, याबद्दल पत्रात एक वाक्य नाही. आधी ते विचारा. पाहुण्यांसमोर नको, आणि विचारल्यावर लगेच सल्ला देऊ नका.

ज्या ‘कायम’ नोकरीसाठी त्याला थांबवलंय, तिचा हिशोब बघा. महावितरणची विद्युत सहाय्यकाची 5,347 पदांची जाहिरात डिसेंबर 2023 ची. परीक्षा व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. त्या जाहिरातीत दरमहा मानधन पहिल्या वर्षी 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000, तिसऱ्या वर्षी 17,000 रुपये. तीन वर्षं कंत्राटी, त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित. नोकरी चांगलीच आहे, पण काम खांबावरचं: पावसात फॉल्ट शोधणं, फ्यूज घालणं, थकबाकीदाराची वीज तोडताना शिव्या खाणं. हे त्याला माहीत आहे का? आणि त्या परीक्षेत 150 पैकी 110 गुण ट्रेडच्या विषयाला होते. सामान्य ज्ञान घोकून घेणारा क्लास तिथे कितीसा उपयोगी पडणार? जुन्या प्रश्नपत्रिका आणि ट्रेड थिअरीचं पुस्तक पुरे. हा अभ्यास शिफ्ट सांभाळूनही होतो.

आता ‘सर्टिफिकेट आहेच’ हा गैरसमज. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे वायरिंगची कामं घेण्याचा परवाना नव्हे. राज्यात तारतंत्री (वायरमन) परवाना, पर्यवेक्षक प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदार परवाना या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. नव्या वीजजोडणीच्या अर्जाला जो टेस्ट रिपोर्ट लागतो, तो परवानाधारक ठेकेदाराचा लागतो. परवाना नसलेला मुलगा अख्ख्या घराची फिटिंग करतो आणि सही-शिक्क्यासाठी दुसऱ्याच्या दारात जातो. सही करणाऱ्याने साइट पाहिलेलीही नसते. आग लागली किंवा कुणाला शॉक बसला की कागदावरचा माणूस हात झटकतो आणि सापडतो तो काम करणारा. तेव्हा तारतंत्री परवान्याची चौकशी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात आत्ताच करा. ‘नाहीच जमलं तर’ म्हणून उरकायचा हा धंदा नाही.

पगाराचा एकच आकडा सांगता येत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. राज्याचं किमान वेतन उद्योग आणि परिमंडळानुसार बदलतं. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत सुधारतो. प्रश्न ‘पगार किती’ एवढाच नसतो. कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या, पीएफ कापतात का, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने मिळतो का, हे विचारायचं. ठेकेदार ‘हातात अमुक’ म्हणतो, त्यात बहुतेक वेळा बारा तासांची ड्युटी लपलेली असते.

पगार वाढतो तो हातातल्या कामाने. एक उदाहरण घ्या. दहा एचपीची मोटर सुमारे 14 अँपिअर घेते. मोठी मोटर कमी करंटवर सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारं उपकरण) वाइंडिंगच्या लाइनमध्ये असेल, तर तो 14 वर नव्हे, 0.58 पट म्हणजे 8 च्या आसपास लावतात. 14 वर ठेवला तर मोटर जळेपर्यंत रिले ट्रिप होत नाही. पुस्तकात हे असतंच, पण लाइन बंद पडून सुपरवायझर ओरडत असताना दोष हुडकणं मेंटेनन्समध्येच शिकतात. पुढे व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं उपकरण) आणि पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) हाताळणारा मुलगा आणि नुसते बल्ब-पंखे जोडणारा मुलगा यांच्या पगारात मोठं अंतर पडतं.

म्हणून अप्रेंटिसशिप करू द्या. स्टायपेंडला तुम्ही पगाराच्या मापाने मोजलंत, तिथेच चुकलं. रेल्वेच्या कारखान्यांतही अर्ज करा; तिथे अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-1 (सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत 20 टक्के जागा असतात. पुढे शिकायचं असेल तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

कंपनी निवडताना दोन गोष्टी त्यानेच विचाराव्यात. काम मेंटेनन्समध्ये की पॅकिंग लाइनवर? अप्रेंटिसच्या नावाखाली खोकी उचलायला लावणारे कारखाने कमी नाहीत. आणि करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार का? तो नोंदवलेला नसेल तर वर्षाअखेरीची परीक्षा नाही, राष्ट्रीय प्रमाणपत्रही नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळणारी कंपनी सोडून द्या. चाकणची जागा अजून रिकामी आहे का, हे विचारायचा फोनही त्यालाच करू द्या.