पकड चांगली आहे, पण डोकं कुठे ठेवतो?

प्रश्न : सर, माझा मुलगा अकरावीला आहे. लहानपणापासून कबड्डी खेळतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या सरांनी त्याला रग्बीकडे वळवलं. आता म्हणतो, ‘आई, मी व्यावसायिक रग्बीपटूच होणार.’ मिस्टर यंत्रमागावर आहेत, मी घरी शाळेचे गणवेश शिवते. या खेळावर पोट भरतं का? गेल्या आठवड्यात डोक्याला मार लागून आला, तेव्हापासून मला झोप नाही.
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो. मार लागल्यावर त्याला उलटी झाली का? उजेड सहन होत नव्हता का? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता का? यातलं काहीही झालं असेल आणि अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल, तर आजच घेऊन जा. पुढचं नंतर वाचा.

सोलापूरच्या होम मैदानावर मी मुलांना रग्बी शिकवतो. तिथे माझ्याकडचा एक मुलगा टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडताना, पडला. लगेच उठला, धूळ झटकली, ‘काही नाही सर’ म्हणाला. थोड्या वेळानं विचारलं, ‘सर, स्कोअर किती?’ मी सांगितला. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तोवर पाच मिनिटं मी त्याला खेळू दिलं होतं, ते मला अजून डाचतं. तेव्हापासून माझा नियम एकच : शंका आली की मुलगा बाहेर, त्या दिवशी परत मैदानात नाही, आणि पुढचे तीन आठवडे अंगाला अंग भिडेल असा सराव नाही.

हा नियम का, ते सांगतो. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्प्सन 2003 चा रग्बी विश्वचषक जिंकलेला हूकर, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू. चाळिशीच्या सुरुवातीलाच त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विजय आपल्याला आठवत नाही, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे.

कबड्डीतून आलेल्या मुलांचे पाय चपळ असतात, पकडीची भीती नसते. पण कबड्डीत आपण साखळी करून धरतो, समोरचा दम घेत सावध चाललेला असतो. इथे तो पूर्ण वेगात अंगावर येतो आणि तुम्ही बहुतेक वेळा एकटे असता. म्हणून खांदा त्याच्या मांडीला, दोन्ही हातांची मिठी घट्ट, आणि आपलं डोकं त्याच्या मागच्या बाजूला, गाल अगदी त्याच्या कुल्ल्याला टेकलेला. डोकं पुढे राहिलं की त्याचा गुडघा थेट कपाळावर. नव्या मुलांकडून मी हे आधी चालत करून घेतो, मग गुडघ्यावर बसून, पळत सगळ्यात शेवटी. तुमच्या मुलाला घरात गादीवर करून दाखवायला सांगा. डोकं कुठे जातं ते तुम्हालाही दिसेल.

आता पोटाचं. रग्बी युनियनमध्ये, म्हणजे मुळात पंधरा-पंधरा जणांच्या रग्बीत, खेळायचे पैसे घ्यायला उघड परवानगी मिळाली ती 1995 मध्ये. फ्रान्स, इंग्लंड, जपानमध्ये क्लब पगार देतात, पण तिशी ओलांडली की बहुतेकांचा खेळ आटोपत येतो. दक्षिण आफ्रिकेचा सिया कोलिसी झ्विडेसारख्या गरीब वस्तीतून आला आणि कर्णधार म्हणून 2019 आणि 2023 चे विश्वचषक जिंकला. मुलं त्याचं नाव घेतात, घ्यावंच. पण बाराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर त्याला चांगली शाळा मिळाली होती, हेही सांगा. तिथे शाळा, प्रांत, देश अशी शिडी उभी आहे. आपल्याकडे 2025 च्या जूनमध्ये मुंबईत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची, सात-सात खेळाडूंची. परदेशी खेळाडूंबरोबर आपली मुलं खेळली, मला फार आनंद झाला. पण ती पंधरा दिवसांत संपली. पंधरा दिवसांवर वर्षाचं घर चालत नाही. सैन्यदलाचा संघ देशात आघाडीवर आहे. खेळही आणि नोकरीही हवी असेल तर तिकडच्या भरतीची माहिती काढा.

म्हणून बारावी सोडू देऊ नका, आणि खेळही सोडायला लावू नका. सतराव्या वर्षी ज्याला एवढं मनापासून काही करावंसं वाटतं, त्याचं मन मोडू नये.

त्याच्या सरांना मात्र दोन गोष्टी विचारा : पोरांना पडायला कसं शिकवता, आणि डोक्याला लागलं तर मैदानाबाहेर कोण काढतं? उत्तर द्यायला वेळ लागला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस सोडले तर दर रविवारी सकाळी सहाला आम्ही होम मैदानावर असतो. तुम्हीही या, कडेला बसून एक टॅकल नीट बघा.