फरदड का मोडवत नाही? कागदावर काढून बघा

प्रश्न : आम्ही कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी विदर्भातल्या कापूसपट्ट्यात पाहणी करतो आहोत. ‘कपाशी डिसेंबरअखेर संपवा, नाहीतर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो’ हे शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. तरीही अनेक जण फरदड ठेवतात, म्हणजे मुख्य वेचणी झाल्यावरही आणखी कापसासाठी कपाशी शेतात उभीच ठेवतात. प्रश्नावलीत सगळे ‘माहीत आहे’वर खूण करतात आणि गाडी तिथेच अडते. कॉग्निटिव्ह मॅपिंगचा उपयोग होईल का? ते करायचं कसं?

उत्तर : होईल. तुमची प्रश्नावली माहिती तपासते, पण अडलंय ते दुसरीकडे. शेतकरी कशाचा संबंध कशाशी जोडतो, हे या पद्धतीत त्याच्याच शब्दांत कागदावर उतरतं. १९७६ मध्ये रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी राजकीय निर्णय समजून घ्यायला असे नकाशे वापरले. १९८६ मध्ये बार्ट कॉस्को यांनी त्यातल्या, कारणाकडून परिणामाकडे जाणाऱ्या बाणांना उणे १ ते अधिक १ असे आकडे दिले.

मोठा कोरा कागद, चिठ्ठ्या आणि पेन्सिल घेऊन शेतकऱ्याच्या सवडीने तासभर बसा. पहिला प्रश्न ‘फरदड का ठेवता?’ हा नको. त्यात आरोप ऐकू येतो आणि माणूस सफाई देऊ लागतो. ‘दिवाळीनंतर पऱ्हाटीचं काय करायचं, हे कसं ठरवता?’ असं विचारा. तो बोलेल तो मुद्दा त्याच्याच शब्दांत, एका चिठ्ठीवर एकच. ‘मजुरी परवडत नाही’ आणि ‘मजूर भेटत नाही’ या दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत. घाईने एकत्र केल्या की निम्मं कारण तिथेच हरवतं.

मग चिठ्ठ्या कागदावर मांडा, संबंध असेल तिथे बाण काढा आणि प्रत्येक जोडीबद्दल विचारा : हे वाढलं तर ते वाढतं की कमी होतं? वाढलं तर अधिक, घटलं तर उणे. इथे हमखास चूक होते. अधिक म्हणजे ‘चांगलं’ नव्हे! फरदडीने अळी वाढते, म्हणून तो बाणही अधिकच. जोर थोडा, मध्यम की जास्त, तेवढंच विचारा, ०.३, ०.६, ०.९ असे आकडे नंतर तुम्ही द्या.

सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे फिरून परत येणारी वाटचाल. उदाहरणार्थ : फरदड → अळीचा मुक्काम → पुढच्या वर्षी जास्त फवारण्या → कृषी केंद्राची उधारी → रोख पैशाची निकड → पुन्हा फरदड. पाचही बाण अधिक, म्हणजे हे चक्र स्वतःच स्वतःला पोसतं. (चक्रात उणे बाण सम संख्येने असले तरी तसंच, विषम असले तर चक्र आवरतं.) नकाशात असं चक्र निघालं, तर अळीची आणखी पत्रकं वाटून ते तुटणार नाही. जानेवारीत हातात पैसा कुठून येईल, ओलित असेल तर उन्हाळी भुईमूग किंवा तीळ जमेल का, त्याचं बी वेळेत मिळेल का, यावर बोलावं लागेल.

प्रश्न : किती शेतकरी पुरेत?

उत्तर : आकडा आधी ठरवू नका. प्रत्येक मुलाखतीत नवे मुद्दे किती आले, ते टिपत जा. सलग तीन-चार मुलाखतींत नवं काही आलं नाही की थांबा. मात्र ओलिताचे आणि कोरडवाहू शेतकरी वेगवेगळे मोजा, कारण कोरडवाहूत जमिनीतली ओल संपली की फरदडीचा प्रश्न बहुधा उरतच नाही.

प्रश्न : नकाशे एकत्र कसे करायचे?

उत्तर : प्रत्येक नकाशाचा तक्ता करा : ओळीत कारण, स्तंभात परिणाम, चौकटीत आकडा, बाण नसेल तिथे शून्य. समान मुद्द्यांना एक नाव द्यायचं ते या टप्प्यावर, त्याआधी नाही. तक्ते बेरीज करून शेतकऱ्यांच्या संख्येने भागा. एखाद्या मुद्द्यात येणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या बाणांचे आकडे, उणे चिन्ह सोडून, बेरजेला घ्या : फरदडीत ०.९, ०.६, ०.३ येतात आणि ०.६, ०.६ निघतात, तर तिचं महत्त्व ३.०. पण एकाचा अधिक आणि दुसऱ्याचा उणे सरासरीत एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून मूळ नकाशे जपून ठेवा.

आणि घरातल्या बाईचा नकाशा वेगळा काढा, नवऱ्यासमोर नको. वेचणी बहुतेक तिच्याच हातची, आणि वर्षभराचं सरपण म्हणून पऱ्हाट्या कुठे रचायच्या, हेही अनेक घरांत तीच बघते. अळी त्या गंजीतही दडून राहते, पण ही चिठ्ठी पुरुषांच्या नकाशात क्वचितच दिसते.