दुरून ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळताना

अंबडच्या सीए ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम तुला मिळालं, फार बरं वाटलं. सात-आठ मशीन म्हणजे सुरुवातीला अगदी बेताचं काम, घाबरू नकोस.

आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन ये. प्रत्येक पीसीवर नंबरची चिठ्ठी चिकटव, त्याचा एनीडेस्क (दुरून स्क्रीन चालवायचं ॲप) आयडी वहीत उतरव, राउटरच्या मागच्या वायरींचा फोटो काढ. फोनवर ‘तो खिडकीजवळचा बंद पडलाय’ असं ऐकशील तेव्हा वहीच कामाला येईल.

नवी मुलं हमखास इथे चुकतात:

- रिमोट डेस्कटॉपचं (विंडोजची दुरून पीसी चालवायची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, राउटरवर उघडं टाकतात. कधीच नको, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) याच दाराने शिरतं.
- न सांगता स्क्रीन ताब्यात घेतात. समोर बँकेचं पान उघडं असू शकतं. आधी फोन, मग कनेक्ट. पासवर्ड, ओटीपी ऑफिसातल्या मॅडमनी स्वतःच टाकायचा.
- टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) बॅकअप त्याच डिस्कवर ठेवतात.
- २० तारखेच्या तोंडावर, जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची धावपळ चालू असताना, अपडेट लावतात.

आणि प्रिंटर! सातपूरच्या एका ऑफिसात लाइट गेली की प्रिंटर ‘ऑफलाइन’. मी तीनदा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला. खरं कारण वेगळंच होतं: राउटर परत सुरू झाला की प्रिंटरला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्यायचा, पीसी मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत बसायचे. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी राखून ठेवला आणि तक्रार थांबली. तू हे पहिल्याच दिवशी करून टाक.

सर्व्हर, डोमेन (सगळे पीसी एका सर्व्हरच्या ताब्यात ठेवायची व्यवस्था) यांच्याकडे सहा महिने बघूसुद्धा नकोस. अडलास तर रात्री नऊनंतर बिनधास्त फोन कर.