सांतानाचं ‘स्मूथ’ खरंच लॅटिन गाणं आहे, की १९९९च्या लाटेवर स्वार झालेलं पॉप?

तुमच्या शंकेत तथ्य आहे. त्या वर्षी रिकी मार्टिन आणि एन्रिके इग्लेसियस या लॅटिन पॉप गायकांची जोरदार हवा होती, त्यामुळे सांतानासारख्या जुन्या रॉक बँडनेही वरून लॅटिन फोडणी दिली असेल असं वाटणं साहजिक आहे. पण प्रकार नेमका उलटा आहे. लॅटिन ताल सांतानाकडे पहिल्यापासून होता. बाहेरून आणलं ते पॉप.

बँडचे गिटारवादक कार्लोस सांताना मूळचे मेक्सिकोचे. वडील मारियाची या तिथल्या लोकसंगीताच्या परंपरेतले व्हायोलिनवादक. बँडचा ताल मात्र बराचसा क्यूबाकडचा. १९६९ला वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात हे लोक कोंगा आणि टिंबालेस ही तिकडची तालवाद्यं घेऊनच मंचावर चढले होते. पुढच्या वर्षी ‘अब्राक्सस’ अल्बममध्ये त्यांनी लॅटिन संगीतकार टिटो पुएंतेंचं ‘ओये कोमो वा’ घेतलं, जे सरळसरळ चा-चा-चा, म्हणजे क्यूबाच्या नाचाचा ठेका आहे. त्यात खर्र-छिक-छिक असं जे घासल्यासारखं ऐकू येतं ते गुइरो. आपल्याकडचे सिनेवादक त्याच जातीच्या वाद्याला रेसो म्हणतात. पंचमदांच्या ताफ्यात अमृतराव काटकर ते वाजवायचे.

आता ‘स्मूथ’ लावा, हेडफोनवर. ड्रमचा एक छोटा तुकडा पडतो आणि गायकाच्या आधी गिटारच बोलायला लागते. खालचा ठेका तोच, चा-चा-चाचा. कोंगावर आवर्तन संपता संपता पडणारे खुले ठोके पकडा, म्हणजे मान आपोआप हलेल. स्वरांकडे लक्ष दिलंत तर गंधार-धैवत कोमल आणि मध्येच शुद्ध निषाद टोचतो. किरवाणी राग ऐकलेल्या कानाला हे अजिबात परकं वाटत नाही. गायक रॉब थॉमस एक ओळ म्हणतो आणि श्वास घेतो, तेवढ्या फटीत कार्लोस उत्तर देऊन मोकळे! मला विचाराल तर सगळी गंमत त्या फटींत आहे. ध्रुवपद ठीकठाकच आहे, आणि निर्मिती जरा जास्तच घासूनपुसून केलेली.

गाणं बँडने लिहिलेलंही नाही. इताल शूर या गीतकार-संगीतकाराकडे ‘रूम सेव्हन्टीन’ नावाचा कच्चा ट्रॅक होता. मॅचबॉक्स ट्वेंटी या रॉक बँडच्या थॉमसने त्यावर नवे शब्द आणि चाल बांधली. ते पॉप गायक जॉर्ज मायकलने गावं असं त्याला वाटत होतं, पण शेवटी त्याचाच आवाज राहिला. तरुण गायकांना सोबत घेऊन अख्खा ‘सुपरनॅचरल’ अल्बम काढायचा, या बेतामागे अरिस्ता या रेकॉर्ड कंपनीचे क्लाइव्ह डेव्हिस होते. धंद्याचं गणित होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

ते गणित जमलं मात्र जबरदस्त. त्याआधी अमेरिकेत बँडचं सर्वांत वर गेलेलं गाणं ‘ब्लॅक मॅजिक वूमन’, तेही चौथ्या क्रमांकापर्यंत. ‘स्मूथ’ १२ आठवडे पहिलं राहिलं, तेव्हा कार्लोस ५२ वर्षांचे होते. वर ग्रॅमींचा पाऊस.

रिकी मार्टिनच्या लाटेमुळे रेडिओवाल्यांचे कान तयार झाले होते, एवढा फायदा या गाण्याला नक्की मिळाला. पण चा-चा-चा उसना होता का, याचा निकाल तुम्ही स्वतःच लावा. आधी ‘ओये कोमो वा’ ऐका आणि लगेच त्याच्यामागून ‘स्मूथ’.