वाचकांचे प्रश्न : व्हीपीएनसाठी कर्नल बदलताना

कमांड आणि एरर या अंकात उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजीतच टाइप कराव्यात. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी; वायरगार्ड, ओपनव्हीपीएन आणि एल२टीपी हे तिचे प्रकार. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा.

प्रश्न : ऑफिसच्या उबुंटू १८.०४ सर्व्हरवर वायरगार्ड-टूल्स बसवले, पण 'डब्ल्यूजी-क्विक अप' दिले की 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' असा एरर येतो. कर्नल ४.१५ आहे. सर्व्हर दुसऱ्या गावी आहे. नवा कर्नल टाकून तो उठलाच नाही तर काय करायचे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टूल्स म्हणजे फक्त सेटिंग करण्याची अवजारे. खरे काम कर्नलमधले वायरगार्ड मॉड्यूल (गरजेनुसार जोडला जाणारा भाग) करते आणि ते मूळ लिनक्समध्ये आले ५.६ या आवृत्तीत, मार्च २०२० मध्ये. उबुंटूने मात्र ते आपल्या ५.४ कर्नलमध्येही घातले आहे. म्हणून तुम्हाला सगळ्यात नवा कर्नल शोधत फिरायची गरज नाही. १८.०४ चाच एचडब्ल्यूई (जुन्या आवृत्तीसाठी उबुंटूने दिलेला नवा) कर्नल पुरेसा आहे, तो ५.४ चा आहे. बाहेरून आणलेल्या मेनलाइन, म्हणजे मूळ लिनक्सच्या, कर्नलच्या डेब फाइल टाकू नका. त्यांना सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसल्याने ते बूटच होत नाहीत.

आधी 'डीएफ -एच /बूट' देऊन जागा पाहा. किमान ३०० एमबी मोकळी हवी. कर्नल बदलताना सर्व्हर बसतो तो बहुतेक वेळा इथेच : बूट पार्टिशन भरते, बूटच्या सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस फाइल अर्धवट लिहिली जाते, स्क्रोल होणाऱ्या ओळींमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हे वाक्य नजरेतून सुटते, आणि रीबूटनंतर 'अनएबल टू माउंट रूट एफएस' म्हणून कर्नल पॅनिक होतो. जागा कमी असेल तर 'सुडो एप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' ने जुने कर्नल काढा. चालू असलेला ४.१५ मात्र ठेवा, परतीची वाट तीच आहे.

मग 'सुडो एप्ट अपडेट' आणि 'सुडो एप्ट इन्स्टॉल --इन्स्टॉल-रेकमेंड्स लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-१८.०४'. शेवटपर्यंत आउटपुट वाचा. एकही एरर असेल तर रीबूट करू नका.

सर्व्हर लांब असल्याने पुढची तयारी टाळू नका. ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कोणता कर्नल उचलायचा ते ठरवणारा प्रोग्राम. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट' ची किंमत 'सेव्ह्ड' करा, कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=३०' जोडा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. आता 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' ने जुना कर्नल कायमचा म्हणून नेमा आणि 'ग्रब-रीबूट' ने नवा फक्त एका वेळेपुरता. दोन्हींची नेमकी नावे '/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी' मध्ये मिळतील. सबमेन्यूचे नाव, मग मोठेपणाचे चिन्ह, मग कर्नलचे नाव असे एकाच अवतरणात लिहायचे. नवा कर्नल पॅनिक झाला तर ३० सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होऊन जुन्यावर येते. पॅनिक न होता नुसते नेटवर्कच आले नाही, तर तिथल्या कोणाला तरी पॉवर बटण दाबावे लागेल, म्हणून त्या वेळी माणूस हजर ठेवा. बूट पार्टिशन एलव्हीएम किंवा रेडवर (डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धती) असेल तर ग्रबला ती एका वेळेपुरती नोंद पुसता येत नाही आणि तो पुन्हा पुन्हा नवाच कर्नल उचलतो. अशा मशीनवर या युक्तीच्या भरवशावर राहू नका.

उठल्यावर 'यूनेम -आर' ने ५.४ दाखवले की 'सुडो मॉडप्रोब वायरगार्ड' द्या. काहीच छापले नाही तर जमले. 'मॉड्यूल वायरगार्ड नॉट फाउंड' आले, तर त्याच ओळीत पुढे फोल्डरचे नाव असते ते वाचा. तिथे ४.१५ दिसले तर तुम्ही अजून जुन्याच कर्नलवर आहात. दोन-चार दिवस सगळे नीट चालले की 'ग्रब_डिफॉल्ट' पुन्हा ० करून 'अपडेट-ग्रब' चालवा, नाहीतर पुढच्या रीबूटला सर्व्हर जुन्यावर जाईल आणि व्हीपीएन बंद पडेल.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगतो : १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्ये संपला. इंटरनेटला पोर्ट उघडणाऱ्या सर्व्हरसाठी हे गंभीर आहे. एकतर उबुंटू प्रो जोडा, नाहीतर २०.०४ मार्गे २२.०४ वर जा. मधली पायरी गाळता येत नाही. २२.०४ चा कर्नल ५.१५ आहे, त्यात वायरगार्ड आहेच.

प्रश्न : स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला. नवा कर्नल दोनदा इन्स्टॉल केला, रीबूटही केले, तरी 'यूनेम -आर' जुनाच आकडा दाखवते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : 'सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट' चालवा. उत्तर 'ओपनव्हीझेड' किंवा 'एलएक्ससी' आले तर तुमच्याकडे स्वतःचा कर्नल नाहीच. असा व्हीपीएस म्हणजे कंटेनर; तो होस्टचाच, म्हणजे ज्या मूळ मशीनवर चालतो तिचाच कर्नल वापरतो, तुम्ही टाकलेला नुसता डिस्कवर पडून राहतो. अशा वेळी कंपनीकडून टन डिव्हाइस (व्हीपीएनला लागणारे आभासी नेटवर्क कार्ड) चालू करून घ्या. '/डेव्ह/नेट/टन' ही फाइल दिसली की वायरगार्ड-गो हा यूजरस्पेसमधला पर्याय किंवा ओपनव्हीपीएन चालेल. वेग कमी मिळेल, सीपीयू जास्त लागेल. जमत असेल तर केव्हीएमचा (पूर्ण आभासी मशीन देणारा) व्हीपीएस घ्या, तिथे कर्नल तुमचा असतो.

प्रश्न : एल२टीपी सुरू करताना 'एल२टीपी कर्नल सपोर्ट नॉट डिटेक्टेड' असे येते. कर्नल ५.१५ आहे. अजून किती नवा हवा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कर्नल पुरेसा नवा आहे, मॉड्यूलचे पॅकेज कमी पडते आहे. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये जागा वाचवण्यासाठी कमी वापराची मॉड्यूल वेगळी काढलेली असतात. 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-' या नावापुढे 'यूनेम -आर' चे उत्तर जसेच्या तसे जोडून ते पॅकेज बसवा, मग 'मॉडप्रोब एल२टीपी_पीपीपी' द्या. रेड हॅट ८ च्या घराण्यात हेच पॅकेज 'कर्नल-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' नावाने मिळते, पण तिथे मॉड्यूल मुद्दाम ब्लॅकलिस्टमध्ये ठेवलेले असते. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मधल्या एल२टीपीच्या ब्लॅकलिस्ट फाइलमधली ओळ हॅश लावून बंद करा.

प्रश्न : वायरगार्ड जोडले जाते, हँडशेक दिसतो, पिंगही होते. पण मोबाइल हॉटस्पॉटवरून मोठी वेबपेजेस अर्धवट अडकतात. कर्नलचा दोष असेल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही, हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, दोष दिसतो. बाहेरचा प्रवास आयपीव्ही४ वर असेल तर वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला ६० बाइट जोडतो, आयपीव्ही६ वर ८०. १५०० मधून ८० वजा करून १४२० हा वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू येतो. वाटेतले नेटवर्क १५०० चे नसेल तर हे गणित कोलमडते : लहान पॅकेट जातात, मोठी गळतात. टनेलमधूनच 'पिंग -एम डू -एस १३९२' (एम कॅपिटल, एस स्मॉल) द्या. हेडरचे २८ धरून ते बरोबर १४२० होतात. उत्तर आले नाही तर आकडा कमी करत जा. जो चालेल त्यात २८ मिळवा आणि दोन्ही टोकांच्या 'इंटरफेस' भागात 'एमटीयू' म्हणून लिहा. मोबाइलवर शोधत बसायचे नसेल तर थेट १२८० ठेवा. शिवाय मोबाइल नेटवर्क नॅटच्या (अनेकांत एकच पत्ता वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागे असते, म्हणून क्लायंटच्या 'पिअर' भागात 'पर्सिस्टंटकीपअलाइव्ह = २५' लिहा, नाहीतर थोडा वेळ शांत राहिल्यावर सर्व्हरकडून येणारे पॅकेट पोहोचत नाही.