अंदाजपत्रक ओहोटीवरून मांड

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अनुदान-अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. समुद्रगवताची थोरवी सांगण्यात पहिली दोन पानं गेली आहेत. लाटांचा जोर मोडतो, माशांच्या पिल्लांना आसरा मिळतो, गाळात कार्बन साठतो, हे सगळं खरंच आहे. पण परीक्षकाला ते ठाऊक असतं. हे शेवाळ नव्हे, पाण्याखाली फुलणारी सपुष्प वनस्पती आहे, एवढं एका वाक्यात सांग आणि पुढे जा. तुझा खरा प्रश्न तिसऱ्या पानावर दडून बसलाय: गवताचं कुरण किनाऱ्याकडे दाट आणि खोल कडेला विरळ का, आणि त्यात गढूळ पाण्याचा वाटा किती? इतका नेमका प्रश्न मागे कशाला ठेवलास? त्यानेच अर्ज सुरू कर.

अंदाजपत्रकात तू 'क्षेत्रभेटी' म्हणून एक ठोक रक्कम टाकली आहेस. असे अर्ज तिथेच मार खातात. भरती-ओहोटीचं कोष्टक समोर घे. कुरणाची खोल कड उघडी पडते ती अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतल्या मोठ्या ओहोटीला. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत तिथे पाणीच असतं. काही किनाऱ्यांवर तर वर्षातले काही महिने ही मोठी ओहोटी रात्रीच येते. तेव्हा उजेडातल्या ओहोट्या आधी मोज. मग एकदा दोघंजण प्रत्यक्ष जाऊन बघा, २५ सेंटिमीटरची चौकट गाळावर ठेवून, ओली पाती बोटांनी बाजूला सारत, एकेक कोंब मोजायला किती वेळ लागतो ते. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. पाणी परत येईपर्यंत समजा १० चौकटी झाल्या, तर ६० चौकटींना ६ ओहोट्या, शिवाय वादळवाऱ्यासाठी २ राखीव. होडी, मदतनिसाची मजुरी, मुक्काम, सगळं या ८ दिवसांवरून मांड. होडी थांबवून ठेवण्याचे पैसेही त्यात धर. असा हिशेब वाचला की परीक्षकाला कळतं, हे माणूस गाळात उतरलेलं आहे.

प्रकाशमापक विकत घ्यायचा हट्ट सोड. छोट्या अनुदानातला मोठा वाटा एकटं यंत्रच खाईल. विभागाकडून उसनं मिळतं का बघ, आणि मिळालं तर तसं अर्जात लिही.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. माझा पहिला अर्ज मंजूर होऊनही वर्ष हातचं गेलं. काम कांदळ या खारफुटीच्या झाडावर होतं. त्याचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि तयार झालं की गळतं. पैसे आले तोवर फांद्या रिकाम्या झाल्या होत्या. म्हणून अर्जाच्या मुदतीइतकीच पैसे खात्यात पडण्याची तारीख महत्त्वाची. ती विचारून घे. रक्कम आगाऊ मिळते की आधी पदरचे घालून पावत्या द्यायच्या, हेही विचार; हे विचारण्यात संकोच कसला?

सिग्मा झाय ही वैज्ञानिकांची संस्था १९२२ पासून विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं देते आहे. सोसायटी ऑफ वेटलँड सायंटिस्ट्स या पाणथळ जागांच्या अभ्यासकांच्या संस्थेचंही विद्यार्थ्यांसाठी संशोधन अनुदान असतं. रफर्ड फाउंडेशनचा भर प्रत्यक्ष संवर्धनावर, तिथे हाच मसुदा चालायचा नाही. प्रत्येकाचे पात्रतेचे नियम मूळ सूचनेतच वाच.

नवा मसुदा पुढच्या उधाणाआधी पाठव, सोबत ओहोटीचं कोष्टक जोड. तुझ्या ८ तारखा मला त्यावर खूण केलेल्या दिसल्या पाहिजेत.